माजघरातला माईक

हे पत्र मालवण तालुक्यातून आलं आहे. लिहिणाऱ्या ताई ३२ वर्षांच्या आहेत आणि पतपेढीत नोकरी करतात. नवऱ्याची मासेमारीची होडी आहे, घर किनाऱ्याला लागून. शाळेच्या गॅदरिंगपासून गावच्या कार्यक्रमांपर्यंत सूत्रसंचालन त्यांच्याकडेच येतं, आणि "तुझो आवाज रेडिओर व्हयो होतो" हे त्या लहानपणापासून ऐकत आल्या आहेत. आता त्यांना व्हॉइस-ओव्हर, म्हणजे जाहिराती-चित्रफितींना आवाज देणं, शिकायचं आहे. मुंबईतला एक क्लास दोन शनिवार-रविवारचे ४८,००० रुपये मागतोय. डेमो (आवाजाचा नमुना) करून देऊ, पुढे काम नक्की, असं त्यांना सांगितलंय, आणि पैसे या महिनाअखेरीच्या आत भरायचे आहेत. त्यांच्या शंका अशा: बोलण्यातला मालवणी हेल जात नाही, एका स्पर्धेच्या परीक्षकाने तर "गावठी वाटतं" असं तोंडावर सांगितलं. मुंबईला राहायला जाणं शक्य नाही. स्वतःची जाहिरात स्वतः करायची लाज वाटते. आणि आता मशीनच बोलायला लागली आहेत, तर या वयात यात पडावं का? पत्राची शेवटची ओळ अशी आहे: "माझे बाबा दशावतारात राजपार्ट करायचे. त्यांना यातलं मी अजून काहीच सांगितलेलं नाही."

ताई,

आधी पैशांचं बोलते, कारण त्याला तारीख आहे. ते ४८,००० रुपये या महिन्यात भरू नका. क्लास वाईटच असेल असं मी म्हणत नाही. मनापासून शिकवणारी माणसं आहेत, आणि सहा-आठ महिन्यांनी एखाद्या जाणत्या दिग्दर्शकासमोर दोन दिवस उभं राहिलात तर तुम्हाला त्याचा फार उपयोग होईल. पण "काम नक्की" असा शब्द या धंद्यात कुणालाच देता येत नाही. इथे प्रत्येक काम नव्याने चाचणी देऊन मिळवावं लागतं. मुरलेला कलाकारसुद्धा दोन ओळी वाचून पाठवतो, आणि पुष्कळदा त्याला साधं उत्तरही येत नाही.

तरी मन त्या क्लासकडेच ओढत असेल, तर फोन करून विचारा. एका तुकडीत किती जण? प्रत्येक जण माईकसमोर प्रत्यक्ष किती वेळ उभा राहतो? शिकवणारे स्वतः सध्या कुठलं काम करतात? मागच्या तुकडीतल्या दोघांशी बोलायला मिळेल का? वीस जणांची तुकडी असेल, तर व्याख्यानं वजा जाता चार दिवसांत तुमच्या वाट्याला माईक तासभरही येणार नाही. आणि अशा ठिकाणी करून मिळणारा डेमो बऱ्याचदा सगळ्यांना त्याच स्क्रिप्टवर, त्याच संगीतावर करून दिलेला असतो. स्टुडिओत रोज असे डेमो ऐकणारा माणूस ते पहिल्या ओळीलाच ओळखतो.

आता मूळ गोष्ट. तुमच्या पत्रात "आवाज" हा शब्द अकरा वेळा आलाय, "वाचन" एकदाही नाही.

मी आकाशवाणीवर नैमित्तिक उद्घोषक म्हणून सुरुवात केली, नंतर डबिंग आणि माहितीपटांची निवेदनं केली, आणि गेली काही वर्षं नव्या लोकांच्या चाचण्या ऐकते. चांगल्या आवाजाची माणसं मला सतत भेटतात. पण दुसऱ्याने लिहिलेला, कधीकधी वाईट लिहिलेला कागद हातात आल्यावर, तो आपल्याला आत्ताच सुचलाय अशा तऱ्हेने बोलणारी माणसं फार थोडी. पैसे त्याचे मिळतात. "आवाज छान आहे" हे कौतुक म्हणजे "हिची उंची चांगली आहे" असं नाटकातल्या नटीबद्दल म्हणण्यासारखं आहे. खोटं नाही, पण त्यावर नाटक उभं राहत नाही.

सूत्रसंचालनाने तुम्हाला धीर दिला, ही मोठी कमाई. पण त्याने एक सवयही लावली असणार. मांडवात आवाज मागच्या रांगेपर्यंत फेकावा लागतो, वाक्य वर उचलून सोडावं लागतं, नाहीतर टाळी येत नाही. माईक तुमच्या ओठांपासून वीतभर अंतरावर असतो. त्याच्या पलीकडे मांडव नाही, एक माणूस आहे: भाजी निवडणारा, गाडी चालवणारा, झोप येत नाही म्हणून कानात काहीतरी लावून पडलेला. अमीन सयानी १९५२ पासून रेडिओ सिलोनवर हिंदी गाण्यांचा साप्ताहिक कार्यक्रम सादर करत. ऐकणारे लाखांनी होते, पण घरात बसलेल्याला वाटायचं, हा माणूस मलाच सांगतोय. ते नुसत्या गळ्याने होत नाही. आपण कुणाशी बोलतोय हे बोलणाऱ्याला पक्कं माहीत असावं लागतं.

तुमच्या शेजारच्या तालुक्यातलीच एक ओळ घेऊन दाखवते:

"यंदाचा देवगड हापूस, थेट बागेतून तुमच्या घरी."

ही ओळ तुम्ही मोठ्याने म्हणून बघा. पहिल्या खेपेला बहुतेक जण "देवगड हापूस"वर जोर देतात आणि "घरी"ला सूर वर नेतात. ऐकायला ती जाहिरात वाटते, आणि जाहिरात वाटली की माणूस कान बंद करतो. आता डोळ्यांसमोर दादरची एक बाई आणा. गेल्या वर्षी देवगडच्या नावाने तिच्या गळ्यात भलताच आंबा मारला गेला. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी ही भीती गेलेली नाही. तिला हे वाक्य सांगा. "थेट" हा शब्द आपोआप जड होईल, आणि "तुमच्या घरी" खाली येऊन थांबेल, आश्वासन दिल्यासारखं. मग हेच वाक्य एखाद्या व्यापाऱ्याला सांगा. त्याला मोसम सुरू झाला का एवढंच हवंय, म्हणून वजन "यंदाचा"वर जाईल. मग हेच तुमच्या मुंबईतल्या मामेभावाला सांगा, जो दर मे महिन्यात त्या बागेत खेळला आणि आता येऊ शकत नाही. त्याच्यासाठी "बागेतून" हा शब्द थोडा रेंगाळेल. शब्द तेच सात, आणि तुम्ही जोर कुठे द्यायचा हे एकदाही ठरवलं नाहीत. समोरचा माणूस ठरवलात, जोराचं काम त्याने केलं.

रोज वीस मिनिटं हे करा. वर्तमानपत्रातला अग्रलेख, एखाद्या औषधाच्या खोक्यावरची सूचना, लहान मुलांची गोष्ट, पतपेढीचं परिपत्रकसुद्धा. प्रत्येक वाक्यात पेन्सिलने एकाच शब्दाखाली रेघ मारा. दोन शब्दांखाली माराविशी वाटली, तर वाक्य अजून कळलेलं नाही असं समजा. जिथे श्वास घ्यायचा तिथे तिरकी रेघ. मग फोनवर रेकॉर्ड करा, पण लगेच ऐकू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी ऐका. लगेच ऐकलं की आपल्याला आपला हेतू ऐकू येतो, प्रत्यक्षात काय बोललो ते नाही.

घड्याळही लावा. मराठीतल्या जाहिराती पुष्कळदा हिंदीवरून उतरवलेल्या असतात, आणि मराठी वाक्य लांबतं. ३० सेकंदांच्या जागेत ३६ सेकंदांचा मजकूर कोंबलेला तुमच्यासमोर येईल आणि "जरा फास्ट घ्या" असं सांगतील. नवा माणूस शब्द खातो. तुम्ही शब्दांमधल्या फटी कमी करा, आणि तरीही बसत नसेल तर नम्रपणे सांगा, "यातला 'सर्वोत्कृष्ट' काढला तर अर्थ बिघडत नाही आणि वेळेत बसतं." असं सांगू शकणाऱ्या कलाकाराकडे लोक परत येतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

आता हेल. त्या परीक्षकाने तुमचं खूप नुकसान केलंय, आणि ते भरून काढायला हवं म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

हेल आणि चुकीचा उच्चार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "चार" आणि "चारा" यांतला च वेगळा, "जात" (जातपातमधली) आणि "जातं" (दळायचं) यांतला ज वेगळा. लिहिताना ते एकच दिसतात, त्यामुळे पुस्तकी वाचणारा माणूस इथे फसतो. अनुस्वार, जोडाक्षरं, शेवटचा अर्धा शब्द गिळणं, हेही उच्चारात येतं. प्रमाण मराठीतला मजकूर वाचताना हे स्वच्छ पाहिजे, त्यात सूट नाही, आणि ते सरावाने होतं. हेल म्हणजे वाक्याची चाल. तो काही घाण नाही की खरवडून काढावा. तुम्हाला तो पाहिजे तेव्हा लावता आणि पाहिजे तेव्हा बाजूला ठेवता आला पाहिजे, इतकंच. आजवर तुम्ही तो लपवायच्या खटपटीत होता, म्हणून तो हुकमी कधी झालाच नाही.

एक सराव सांगते. कुठलाही परिच्छेद घ्या. आधी तो मालवणीत, तुमच्या शब्दांत, शेजारणीला सांगितल्यासारखा बोला. रेकॉर्ड करा. मग तोच मूळ प्रमाण मराठीत वाचा आणि दोन्ही एकापाठोपाठ ऐका. पहिल्यात तुम्ही कुठे हसलात, कुठे आवाज खाली आणलात, कुठे मुद्दाम थांबलात, हे दुसऱ्यात शोधा. बहुतेक वेळा ते सगळं गेलेलं असतं. शुद्ध बोलायच्या धाकाने माणसाचा जीवच आटतो. भाषा प्रमाण राहू दे, पण ते थांबणं आणि ते हसू परत आणायचंय. मी ऐकलेल्या चाचण्यांत गावाकडून आलेल्यांची खरी अडचण हेल नव्हतीच. धाक होता.

आणि मालवणी हे तुमच्याकडचं जास्तीचं भांडवल आहे, हे विसरू नका. मुंबईतल्या कलाकाराला "माका", "तुका" पाठ करवता येतं. "खय गेल्लंस गे इतको येळ?" यातला सूर त्याला दहा दिवसांत येत नाही. मालिकेत, जाहिरातीत, पर्यटनाच्या चित्रफितीत मालवणी पात्र आलं की खरा आवाज शोधला जातो. पण नुसत्या मालवणीवर महिना चालेल इतकं काम नाही, हेही आत्ताच सांगून ठेवते. प्रमाण मराठी हा तुमचा रोजचा भात, मालवणी ही त्यावरची कढी. हिंदी चांगली असेल तरच हिंदीचा नमुना करा, नसेल तर करू नका. कच्चा नमुना पक्क्यालाही खाली ओढतो.

घर किनाऱ्याला लागून, म्हणजे रेकॉर्डिंग कसं करणार, असं तुम्ही विचारलंयत. तुमच्या पत्रात जुन्या घराचा उल्लेख आहे, तर मला तुमच्या माजघरात जास्त रस आहे. नवीन बांधलेल्या हॉलमध्ये लाद्या, काच, गिलाव्याच्या भिंती. तिथे टाळी वाजवलीत तर टण्णकन परत येते. माजघराला बाहेरची भिंत कमी, खिडकी नसते किंवा बारीक असते, जमीन सारवलेली असेल तर आणखी चांगलं, वर लाकडी माळा, कोपऱ्यात कणगी आणि बिछान्यांची चळत. तिथे टाळी वाजवा, मेल्यासारखी पडेल. आपल्याला तेच हवंय. माईकच्या मागे आणि तुमच्या पाठीमागे दोरीवर दोन जाड गोधड्या टाका. लाटांची गाज आत येतच असेल तर पाठ समुद्राकडे करू नका. माईकची मागची बाजू समुद्राकडे ठेवा. बहुतेक माईक पुढून जास्त ऐकतात आणि मागून कमी, त्यामुळे तुम्ही समुद्राकडे तोंड करून बोलायचं.

फ्रिज बंद, पंखा बंद, लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर. फ्रिज पुन्हा चालू करायची आठवण राहावी म्हणून चपला त्याच्या दारासमोर काढून ठेवा, घरात मासळी असणार. पहाटे होड्यांची इंजिनं, संध्याकाळी देवळातला स्पीकर, पावसाळ्यात रात्रभर बेडूक. दुपारी दोन ते चार, गाव जेवून आडवा होतो, ती तुमची स्टुडिओची वेळ. जून-जुलैत मासेमारी बंदीमुळे इंजिनं गप्प असतात खरी, पण कौलांवरच्या पावसापुढे कुणाचं काही चालत नाही. त्या दोन महिन्यांत मोठं काम अंगावर घेऊ नका. घेतलंत तर तारीख सैल ठेवा आणि कारण आधीच सांगा.

वस्तू थोड्याच लागतात. अशा घरात, खाऱ्या दमट हवेत, सुरुवातीला यूएसबीवर चालणारा डायनॅमिक माईक घ्या. कंडेन्सर माईक बारीकसारीक जास्त टिपतो हे खरं, पण तो शेजारच्यांचं कुत्रंही तितक्याच प्रेमाने टिपतो, आणि दमटपणाने लवकर कुरकुरतो. कुठलाही घेतलात तरी काम झाल्यावर सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. कानावर पूर्ण बसणारे हेडफोन, स्टँड, आणि प-फ-भ चा फुत्कार अडवणारी जाळी. माईक तोंडासमोर सरळ न ठेवता किंचित तिरका ठेवला की निम्मा फुत्कार आपोआप टळतो. हे सगळं साधारण पंधरा हजारांच्या आत बसावं. संपादनाला ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि पहिली दोन वर्षं तेवढं पुरतं. रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्ये करा, ४८ किलोहर्ट्झ, मोनो. आवाजाची वरची टोकं उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका आणि तुम्ही गप्प असताना खोली उणे ६०च्या आसपास शांत दिसली पाहिजे. "आवाज साफ करणारी" बटणं फार दाबू नका, त्यांनी माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा होतो.

मुंबईला राहायला जाण्याबद्दल फार लिहीत नाही. मालिका-चित्रपटांचं डबिंग बहुतांशी अंधेरी-गोरेगावच्या स्टुडिओंत प्रत्यक्ष उभं राहून होतं. ते करायचं असेल तर जावंच लागेल, आणि तुमच्या आत्ताच्या संसारात ते बसत नाही. निवेदनं, जाहिराती, ऑडिओबुक, शिक्षणाच्या चित्रफिती घरून होतात. कधी चाचणीला बोलावणं आलंच, तर रात्री तुतारी एक्स्प्रेसने दादर आणि दुसऱ्या रात्री परत. आकाशवाणीची नैमित्तिक उद्घोषकांची जाहिरात अधूनमधून निघते, लेखी परीक्षा आणि आवाजाची चाचणी असते, तिच्यावर लक्ष ठेवा. राहण्याच्या ठिकाणाची अट आधी वाचा. त्यात पैसा फार नाही, पण तिथे मिळणारी शिस्त विकत मिळत नाही.

आता लाजेचं. तुम्ही लिहिलंयत, "आपली टिमकी आपणच कशी वाजवायची?" तुमच्या दारावर सकाळी पाटी घेऊन येणारी बाई "बांगडो ताजो आसा गे" म्हणते, तेव्हा ती टिमकी वाजवते असं तुम्हाला वाटतं का? पाटीत काय आहे, कधीचं आहे, ते ती सांगते. घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवता. तुम्हालाही तेवढंच करायचंय. "मी उत्तम कलाकार आहे" हे वाक्य कुठेच लिहायचं नाही. काय वाचते, कुठल्या भाषेत, किती दिवसांत देते, आणि हा नमुना ऐका.

नमुना म्हणजे डेमो. जाहिरातींचा वेगळा, निवेदनाचा वेगळा, मालवणीचा वेगळा. प्रत्येक एक ते दीड मिनिटाचा. सुरुवातीला संगीत, नमस्कार, स्वतःची ओळख काही नको. तुमचं सगळ्यात चांगलं वाक्य पहिल्या दहा सेकंदांत, कारण ऐकणारा तेवढाच वेळ देतो. मजकूर स्वतः लिहा, आणि जे माहीत आहे त्यावर लिहा: सिंधुदुर्ग किल्ल्यात होडीने जाताना दिसणारा तट, १६६४ साली त्याची पायाभरणी झाली ती गोष्ट, आंब्याची पेटी, पतपेढीची ठेव योजना. हो, ठेव योजनाच. रुक्ष मजकूर सुद्धा ऐकावासा वाटेल असा वाचलात, तर कामं देणारे तिथेच थांबतात. फाइलच्या नावात तुमचं नाव, भाषा आणि प्रकार असू दे. "नवीन रेकॉर्डिंग ७" अशी फाइल कुणाला परत सापडत नाही.

सुरुवात कुठून, तर बाजारपेठेतून. नाटक आलं, सेल लागला की रिक्षा फिरते आणि तिच्यावरच्या भोंग्यातून कुणीतरी घाईघाईत काहीतरी ओरडत असतं. त्या रिक्षावाल्याला विचारा, हे रेकॉर्ड कोण करून देतं. तारकर्लीच्या होमस्टेवाल्यांचे, स्कूबावाल्यांचे व्हिडिओ मागे नुसतं संगीत लावून पडलेले असतात. ग्रामपंचायतींच्या घंटागाड्या आहेत, काजू-कोकमाचे कारखाने आहेत. दशावतार मंडळांचे नाट्यप्रयोग यूट्यूबवर जातात, त्यांना सुरुवातीचं निवेदन लागतं. तिथे तर तुमचं घरचं नाव आहे. पहिली पाच-सहा कामं कमी पैशात करा, पण फुकट नको. फुकटच्या कामात कुणी दुरुस्ती सांगत नाही, आणि तुम्हाला शिकायला दुरुस्त्याच हव्यात. मग मुंबई-पुण्याच्या निर्मिती संस्थांना चार ओळींची मेल. एका वहीत लिहून ठेवा, कुणाला कधी पाठवलं. तीन आठवड्यांनी एकदाच आठवण करा. रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःच्या आवाजातले सुविचार मात्र पाठवू नका. लोक म्यूट करतात, आणि मग खरा नमुनाही ऐकला जात नाही.

ऑडिओबुकचं तुम्ही खास विचारलंयत. स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं अ‍ॅप २०१७ मध्ये भारतात आलं तेव्हापासून मराठी पुस्तकं ऐकण्याची सवय वाढली आहे आणि निवेदकांची गरजही. पण हिशेब करून उतरा. तयार पुस्तकाच्या एका तासामागे नव्या माणसाचे दोन-तीन तास वाचनात आणि तितकेच किंवा जास्त तास संपादनात जातात. आठ तासांचं पुस्तक म्हणजे पतपेढी सांभाळून तुमचा दीड महिना गेला. दर सांगण्याआधी हा भागाकार करा.

पैशांबद्दल माझी एक गोष्ट सांगते. अगदी सुरुवातीला मी एका जाहिरात संस्थेसाठी दिवाळीपुरती, एका जिल्ह्यापुरती जाहिरात केली. सगळं तोंडी ठरलं होतं. तीन वर्षांनी दुसऱ्याच जिल्ह्यातल्या एसटी स्टँडवर उभी होते आणि माझाच आवाज कानावर आला, दिवाळी नाही, काही नाही. फोन केला तर "तुम्हाला पैसे दिले होते ना?" असं उत्तर. माझ्या हातात एक कागद नव्हता. त्या दिवशी स्टँडवर रडू आलं ते पैशांसाठी नव्हतं. आपली वस्तू आपल्याला न विचारता कुणीतरी वापरतंय, याचं होतं.

म्हणून काम सुरू करण्यापूर्वी साध्या मेसेजमध्ये का होईना, लिहून घ्या: मजकूर कुठला आणि केवढा, कुठे वाजणार, किती महिने, दुरुस्त्या किती वेळा फुकट, पैसे कधी. अनोळखी माणसाकडून निम्मे आधी. "चाचणी" म्हणून अख्खी स्क्रिप्ट वाचून मागितली तर दोन ओळीच पाठवा. चाचणीसाठी नोंदणी शुल्क मागितलं तर फोन ठेवा. मोठ्या कंपन्या बिलातून टीडीएस कापतील, घाबरू नका, पॅन द्या आणि दरवर्षी विवरणपत्र भरा, देय करापेक्षा जास्त कापलेलं असेल ते परत मिळतं.

आणि एक ओळ आजच्या काळात प्रत्येक करारात हवीच: हे रेकॉर्डिंग यंत्राला शिकवायला किंवा कृत्रिम आवाज तयार करायला वापरता येणार नाही. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात, कलम ३८ मध्ये, कलाकाराला स्वतःच्या सादरीकरणावर हक्क आहे. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची यंत्राने नक्कल करण्याविरुद्ध अंतरिम मनाई दिली. पण आपण कोर्टात जाणारी माणसं नाही, म्हणून सही करण्याआधीच वाचायचं. "पाचशे वाक्यं वाचा, पैसे मिळतील" अशी कामं आता मराठीत आणि बोलींतही येतात. सगळी फसवी नसतात. ती बहुधा यंत्राला भाषा शिकवण्यासाठी असतात, तेव्हा तुमचा आवाज पुढे कशासाठी वापरला जाणार हे विचारा, आणि पटलं तरच वाचा.

यंत्रांमुळे यात पडावं का, हा तुमचा सगळ्यात प्रामाणिक प्रश्न. फोनवरच्या "एक दाबा, दोन दाबा", साध्या उद्घोषणा, स्वस्त व्हिडिओ, ही कामं यंत्रांकडे चालली आहेत, त्यांच्या भरवशावर बेत आखू नका. जिथे समोरचा म्हणतो "थोडं कमी दुःखी, पण आनंदीही नको", जिथे मालवणी आजी नातवावर रागावतानाच त्याला जवळ घेते, तिथे अजून माणूसच लागतो. ती जागा किती वर्षं राहील ते मी सांगू शकत नाही. म्हणून पतपेढीची नोकरी सोडू नका. दोन वर्षं दुपारचे दोन तास यात घाला, सुट्टीच्या दिवशी. दोन वर्षांनी वहीत बघा, तुम्ही न मागता किती जण परत आले. तेव्हा पुढचं ठरवा.

राहिले बाबा. त्यांना तुम्ही का सांगितलं नाहीत ते पत्रात नाही, पण मला वाटतं तुम्ही हे काहीतरी शहरी, त्यांना न कळणारं समजताय. ताई, दशावतारात लिहिलेले संवाद नसतात. आख्यान माहीत असतं, आणि शब्द तिथल्या तिथे, समोरच्या राजाकडे आणि खाली बसलेल्या लोकांकडे बघून सुचतात. जत्रेच्या रात्री देवळासमोर, पेटी-मृदंगाच्या साथीत, दिवसभर राबून आलेल्या माणसांना पहाटेपर्यंत जागं ठेवायचं काम तुमच्या वडिलांनी केलंय. समोरच्याचं लक्ष कुठल्या शब्दाला सुटलं, हे त्यांना जेवढं कळत असेल तेवढं त्या क्लासमध्ये क्वचितच कुणाला कळेल.

येत्या रविवारी दुपारी माजघरात माईकच्या पलीकडे एक खुर्ची टाका आणि त्यांना तिथे बसवा. हातात कागद देऊ नका, काय ऐकायचं तेही सांगू नका. दोन पानं वाचा. मध्येच त्यांची नजर दाराकडे गेली, तर थांबू नका, पण त्या शब्दापाशी पेन्सिलने बारीक खूण करून ठेवा. वाचून झालं की त्यांना मालवणीत विचारा, "ह्या तुम्ही कसा बोलला असतात?"